पानशेत: मदत मिळाली, भरपाई कोणाकडे मागायची?

दोह्यात जुलै म्हणजे दार उघडलं की भट्टी. इथे द पर्लमध्ये बाल्कनीखाली पाणी दिसतं, पण ते शहाण्या मुलासारखं मरिनात उभं असतं. ते कधी घरात शिरेल असं मनातही येत नाही. पुण्याच्या जुन्या माणसांना मात्र जुलैत पाणी म्हटलं की एकच तारीख आठवते: १२ जुलै १९६१. तुमच्या घरी पुण्यात वाढलेली आजी किंवा आजोबा असतील तर त्यांच्या बोलण्याकडे लक्ष द्या. अजूनही "ते दुकान पुराआधी तिथे होतं", "आम्ही पुरानंतर इकडे राहायला आलो" असं ते सांगतात. पुण्यात 'पूर' म्हटलं की कुठला, हे विचारावं लागत नाही.

पुराच्या गोष्टी तुम्ही ऐकलेल्या असणार. माळ्यावर चढलेली माणसं, वाहून गेलेले वाडे, चिखलातून काढलेली भांडी. आजचा भाग त्या गोष्टींचा नाही. मुलांना ही हकिगत सांगितली की इथे वाढलेली मुलं लगेच विचारतात, "मग कोणाला पकडलं?" आपण मोठी माणसं तिथे अडखळतो. आज त्या प्रश्नाचं उत्तर शोधू. उत्तर जरा लांबचं आहे, म्हणून चहा घेऊन बसा.

आधी थोडक्यात घटना. मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर, पुण्यापासून साधारण चाळीस किलोमीटरवर, पानशेतचं मातीचं धरण बांधलं जात होतं. काम १९५७ साली सुरू झालेलं. १९६१च्या पावसाळ्यात ते पुरतं झालेलं नव्हतं, तरी पाणी अडवलं गेलं. त्या वर्षी पाऊस जोरात झाला आणि जलाशय भराभर चढला. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडण्यासाठी जो बोगद्यासारखा मार्ग ठेवला होता, त्याच्या दरवाज्यांचं काम अपुरं होतं. दरवाजा अर्धवट स्थितीत, त्याखालून प्रचंड दाबाने धडका मारत जाणारं पाणी. शिवाय तो मार्ग लोखंडी सळया न घालता, साध्या काँक्रीटचा केलेला. धक्क्यांनी तो खिळखिळा झाला आणि त्याच्यावरची माती खचायला लागली. धरणाचा माथा डोळ्यांदेखत खाली बसू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. धरण त्यांना वाचवता आलं नाही, पण फुटणं रात्रीवरून सकाळवर गेलं. हजारो पुणेकर त्या पोत्यांमुळे जगले असं म्हटलं जातं, आणि मला ते अजिबात अतिशयोक्त वाटत नाही. हेच पाणी रात्री दोन वाजता पेठांत शिरलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करा.

बारा तारखेला सकाळी पानशेत फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्याच्या दगडी धरणावर आदळलं. एकोणिसाव्या शतकातलं ते धरण एवढ्या लोंढ्यासाठी बांधलेलंच नव्हतं. पाणी त्याच्या डोक्यावरून वाहिलं आणि मग तेही फुटलं. लकडी पूल बुडाला, डेक्कन, नारायण, शनिवार, कसबा, नदीकाठच्या सगळ्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. मृतांचा आकडा हजाराच्या घरात असल्याचं सांगितलं जातं. भारत इतिहास संशोधक मंडळातल्या जुन्या कागदपत्रांचंही नुकसान झालं. आणि दैवाची थट्टा अशी की एवढं पाणी येऊन गेल्यावर शहराचे नळ कोरडे पडले, कारण पिण्याचं पाणी खडकवासल्यातूनच येत होतं.

आता मूळ प्रश्न. आमच्या आयटीच्या धंद्यात एखादी सिस्टम कोसळली की दोन बैठका होतात. एक, नेमकं काय तुटलं हे शोधायची. दुसरी, याचे पैसे कोण भरणार याची, आणि तिला वकील येतात. पहिल्या बैठकीत लोकांनी खरं बोलावं म्हणून आधीच सांगून ठेवतात की इथे बोललेलं कोणाच्या अंगावर येणार नाही. पुण्यात १९६१ नंतर जे झालं ते समजायला हा फरक उपयोगी पडतो. तिथे पहिली बैठक रीतसर झाली. दुसरी भरलीच नाही.

पहिली बैठक म्हणजे चौकशी आयोग. सरकारने उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बावडेकर यांच्याकडे चौकशी सोपवली. काम पुरं होण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला. त्या मृत्यूभोवती पुण्यात तेव्हा पुष्कळ बोललं गेलं आणि आजही बोललं जातं. मी त्यात भर घालणार नाही. पुढे न्यायमूर्ती नाईक यांचा आयोग नेमला गेला आणि धरणाची चौकशी त्याने पुरी केली.

पण आयोग म्हणजे कोर्ट नव्हे, हे आपण फार सहज विसरतो. अध्यक्ष न्यायमूर्ती असतात, समोर वकील उभे असतात, साक्षीदारांना शपथ देतात, म्हणून ते कोर्टासारखं दिसतं एवढंच. १९५२च्या चौकशी आयोग कायद्याखाली हे आयोग नेमले जातात. त्याच कायद्याच्या सहाव्या कलमात म्हटलं आहे की आयोगापुढे साक्ष देताना केलेलं विधान त्या माणसाविरुद्ध कुठल्याही दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात वापरता येणार नाही. अपवाद फक्त खोट्या साक्षीचा. आणि पानशेतच्या तीनच वर्षं आधी, १९५८ साली, रामकृष्ण दालमिया यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं होतं की आयोगाचे निष्कर्ष म्हणजे निकाल नव्हे, सरकारला केलेल्या शिफारशी आहेत. योगायोग बघा, तो खटलाही मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या आयोगावरून झालेला.

म्हणजे समजा, एखाद्या अभियंत्याने आयोगापुढे सांगितलं की हो, दरवाजा अपुरा होता हे मला माहीत होतं. ते वाक्य अहवालात छापून येईल. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येईल. पण ज्याचं घर गेलं त्याने ते वाक्य घेऊन दिवाणी कोर्टात जावं, तर तिथे त्याची किंमत शून्य. या तरतुदीला अर्थ आहे, हे मी मान्य करतो. अभय दिल्याशिवाय लोक तोंड उघडत नाहीत. फक्त मग दुसरं काही दार उघडं हवं.

राजकीय दार उघडं होतं का? त्या पिढीला मंत्र्याने राजीनामा देणं म्हणजे काय ते माहीत होतं. १९५६च्या नोव्हेंबरात अरियालूरला रेल्वे अपघात झाला तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडलं होतं. पानशेत फुटलं तेव्हा महाराष्ट्र राज्याला सव्वा वर्ष झालं होतं आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. काम होण्याआधी पाणी अडवायची घाई कोणाची, यावर सभा गाजल्या. मग सातच महिन्यांत, १९६२च्या फेब्रुवारीत, विधानसभेची निवडणूक आली. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या.

आणि पुण्यात शिवाजीनगरमधून काँग्रेसतर्फे कोण निवडून आलं? स. गो. बर्वे. हे आयसीएस अधिकारी, पुण्याचे माजी महापालिका आयुक्त. पुरानंतर शहर उभं करायची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि त्यांनी ती अशी निभावली की लोक त्यांचं नाव घेऊ लागले. नोकरी सोडून ते राजकारणात आले आणि पुढे राज्याचे मंत्री झाले. १९६७ साली मुंबईत त्यांनी कृष्ण मेननना हरवलं आणि त्यानंतर लवकरच ते वारले. बर्वे कर्तबगार होते यात शंका नाही. पण मतदाराच्या बाजूने बघा. ज्या राजवटीत धरण फुटलं तिलाच राज्याने भरभरून मतं दिली, आणि ज्या माणसाने मदत चोख पोचवली त्याला पुण्याने निवडून दिलं. मी एमबीए करताना ग्राहकसेवेचा एक सिद्धांत शिकलो होतो: चूक झाल्यावर ती झपाट्याने आणि नम्रपणे निस्तरली तर ग्राहक आधीपेक्षाही खूश होतो. विमानाचं तिकीट चुकलं तर हे ठीक आहे. घर वाहून गेलं तर नसावं, असं मला वाटतं.

राहिलं कोर्टाचं दार. इथे गोष्ट इंग्लंडमधून सुरू होते आणि गंमत म्हणजे तीही पाण्याचीच आहे. लँकेशायरमध्ये रायलँड्स नावाच्या गिरणीमालकाने तलाव बांधला. तळाशी जुन्या खाणीची भुयारं निघाली, बांधणाऱ्यांनी ती नीट बुजवली नाहीत, आणि पाणी शेजारच्या फ्लेचरच्या खाणीत शिरलं. १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की जो स्वतःच्या फायद्यासाठी अशी धोक्याची वस्तू जमिनीवर जमवतो, त्याच्या हातून निसटून नुकसान झालं तर चूक कोणाची हे न विचारता त्याने भरून द्यायचं.

वा, मग काम झालं, असं तुम्ही म्हणाल. थांबा. सहाच वर्षांनी तसंच प्रकरण हिंदुस्थानातून प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं. कार्वेटनगरच्या जमीनदाराचे दोन तलाव मुसळधार पावसात फुटले आणि मद्रास रेल्वेचं नुकसान झालं. कंपनीने रायलँड्सचा दाखला दिला. प्रिव्ही कौन्सिलने १८७४ साली तो नाकारला. म्हणणं असं की या देशात तलाव ही कोणाची हौस नाही. पूर्वापार चालत आलेली ती शेतीच्या पाण्याची व्यवस्था आहे आणि ते तलाव राखणं जमीनदाराचं कर्तव्य आहे. तेव्हा त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करा, तरच भरपाई. विचार वाईट नाही. पण त्याच तर्काने लोकांसाठी बांधलेलं सरकारी धरण फुटलं की निष्काळजीपणा सिद्ध करण्याचं ओझं वाहून गेलेल्या माणसाच्या डोक्यावर येतं. आराखडे, पत्रव्यवहार, दरवाज्याच्या कामाच्या नोंदी, सगळं सरकारच्या कपाटात. याच्याकडे काय? ओली सातबारा, तीही मिळाली तर.

त्यातून सरकारवर दावा लावायचा म्हणजे आणखी एक भिंत. कस्तुरीलाल यांचं प्रकरण ऐका. १९४७ साली मेरठच्या पोलिसांनी या सराफी पेढीच्या एका भागीदाराला संशयावरून अडवून त्याच्याकडचं सोनं ठाण्यात जमा केलं. हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. सोनं सरकारच्या ताब्यातून गेलं, सरकारी नोकराने नेलं. तरी १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांचं काम हे सार्वभौम सत्तेचं काम, त्यात झालेल्या चुकीसाठी सरकार भरपाई द्यायला बांधील नाही. धरण बांधणं हे त्या अर्थाने सार्वभौम काम आहे का, यावर वकील तासन्‌तास वाद घालू शकले असते. पण पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाने साठच्या दशकात तो वाद कोणत्या बळावर उभा करायचा?

म्हणून पुरग्रस्तांना जे मिळालं ते मदत म्हणून मिळालं. कपडे, धान्य, अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट, मग गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर, दत्तवाडी अशा भागांत वसाहती आणि गृहनिर्माण संस्था. ही मदत लहान नव्हती. आजच्या पुण्याचा बराचसा नकाशा तिने आखला आहे. पण मदत आणि भरपाई या दोन शब्दांत मोठं अंतर आहे. भरपाई म्हणजे माझं होतं ते तुझ्यामुळे गेलं, ते परत दे. तिथे मी मागणारा, तू देणेकरी. मदत म्हणजे तू दाता, मी लाभार्थी. लाभार्थ्याला अटी असतात. जमीन भाडेपट्ट्याने मिळते, विकायला परवानगी लागते, आणि सरकारचं मन बदललं तर अर्ज घेऊन पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं.

आपण राहतो तिथे हे कसं चालतं, तेही बघू, म्हणजे तुलना होईल. दोह्यात जुने असाल तर २८ मे २०१२ तुम्हाला आठवत असेल. व्हिलाजियो मॉलमध्ये आग लागली आणि आतल्या पाळणाघरात मुलं अडकली. १९ जण गेले. त्यांत १३ मुलं, चार शिक्षिका आणि दोन अग्निशामक जवान. २०१३ साली खालच्या न्यायालयाने पाच जणांना सदोष मृत्यूबद्दल दोषी ठरवलं. पाळणाघराचे मालक त्यांत होते, आणि त्यांतले एक कतारचे राजदूत होते. मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी दोन लाख रियाल 'दिया' द्यायचा हुकूम झाला. पुढे वरच्या न्यायालयांत प्रकरण वर्षानुवर्षं फिरलं आणि ज्यांची मुलं गेली त्या आईबापांचं त्याने समाधान झालं असं कोणी म्हणणार नाही. ठरावीक रकमेत जिवाचा हिशेब आपल्याला खटकतोही. तरी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. तिथे नावं घेतली गेली, आणि पैसे मदत म्हणून नव्हे तर देणं म्हणून ठरले.

द पर्ल तर समुद्रात भर घालून केलेली जमीन, सुमारे ४० लाख चौरस मीटर. परदेशी माणसाला मालकीने घर घेता येणारी कतारमधली ही पहिली जागा. इथे टॉवर बांधणाऱ्यांवर कतारच्या २००४च्या नागरी संहितेतलं ७११वं कलम लागू होतं. इमारत पूर्ण किंवा अंशतः कोसळली तर कंत्राटदार आणि अभियंता दोघेही मिळून दहा वर्षं जबाबदार, दोष खालच्या जमिनीतच असला तरीही. ही कल्पना मूळची नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच संहितेची, इजिप्तच्या वाटेने आखातात आली. माझ्या ओळखीचे कितीतरी जण इथे भाड्याने राहतात आणि पुण्यात सिंहगड रोडला किंवा बाणेरला फ्लॅट घेऊन ठेवतात. त्यांच्या माहितीसाठी, आपल्याकडे २०१६च्या रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषांसाठी बिल्डरची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं आहे. इमारतीसाठी एवढं तरी स्पष्ट लिहिलेलं आहे. धरणाचं काय?

धरणाच्या बाबतीत गाडी फार पुढे गेली नाही. १९७९च्या ऑगस्टमध्ये गुजरातेत मच्छू धरण फुटून मोरबी शहर वाहून गेलं. तिथे तर अहवाल येण्याआधीच सरकारने आयोग गुंडाळला. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली, आणि जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी दोष खेकड्यांना दिला. खेकड्यांनी धरण पोखरलं म्हणे. त्यावर महाराष्ट्र हसला, लोक पोलीस ठाण्यात खेकडे घेऊन गेले, व्यंगचित्रं निघाली. मला त्यात हसू कमी आलं. मातीच्या धरणाला बिळं पडतात हे खरंच आहे, म्हणून तर पावसाळ्याआधी तपासणी करायची असते. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. खेकड्याचं नाव घेतलं की तपासणी कोणाची, हा प्रश्न मागे पडतो.

कायदा अगदीच जागचा हलला नाही असं नाही. १९९३ साली नीलाबती बेहरा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मूलभूत हक्क मोडला तर सार्वभौमत्वाची ढाल सरकारला चालणार नाही, भरपाई द्यावी लागेल. तो निर्णय १९६१ साली असता तर पानशेतच्या माणसाला थेट उच्च न्यायालयात जाता आलं असतं. २०२१ साली धरण सुरक्षा कायदाही आला. त्यात तपासणी आहे, नोंदी आहेत, सुरक्षेचे आदेश न पाळणाऱ्याला वर्षाची आणि त्यामुळे जीव गेले तर दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. धरणाखाली राहणाऱ्याला नुकसानीबद्दल काय मिळेल आणि कोणाकडून, याचं कलम मात्र त्यात नाही. साठ वर्षांनी कायदा करायला बसलो आणि दुसऱ्या बैठकीची खुर्ची पुन्हा रिकामीच ठेवली.

२५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांच्या फोनवर ती दृश्यं आली असतील. धरण शाबूत होतं. पण पाणी किती सोडलं, कोणी कोणाला कधी कळवलं, यावर पाटबंधारे खातं आणि महापालिका दुसऱ्याच दिवशी एकमेकांकडे बोट दाखवत होती.

आणि त्या वसाहती? १९६१ नंतर पुरग्रस्तांच्या शंभराच्या वर गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. ज्यांनी पत्र्याखाली पहिला पावसाळा काढला त्यांची नातवंडं आज तिथे राहतात, काही आपल्यासारखी परदेशात आहेत. त्या जमिनींवर मालकी हक्क द्या, या मागणीचे अर्ज पुण्याहून मंत्रालयात साठ वर्षं जात राहिले. अर्जाच्या वरच्या बाजूला अर्जदाराची ओळख लिहिलेली असते: पानशेत पुरग्रस्त. आजोबांची ती ओळख नातवालाही लावावी लागते, कारण फाइल अजून त्याच नावाने आहे.